अ‍ॅडजस्ट करायला वेळ तर द्या!

‘अ‍ॅडजस्ट कर’ हे दोन शब्द आपल्याकडे इतके मुरलेत, की त्यांना चांगला मराठी प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी ते चालतात, भाड्याच्या घरात पाणी कमी आलं तर चालतात, आणि मुलगी सासरी निघाली की हमखास चालतात. आई सांगते, मावशी सांगते, मांडवात भेटलेली लांबची आत्यासुद्धा सांगते, “थोडं अ‍ॅडजस्ट करून घे गं.” पण ते करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, त्याला किती दिवस लागतात, त्यासाठी माणसाला आतून काय काय बंद ठेवावं लागतं आणि काय नव्यानं सुरू करावं लागतं, हे मात्र कुणीच सांगत नाही.

मला ते सांगितलं यीस्टनं! हसू नका. पाव फुगवणारं, चमचाभर यीस्ट.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. सायन्सशी असलेला माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला. घर सांभाळून गेली बारा-तेरा वर्षं बचत गटांचं आणि थोडंफार कुटुंब समुपदेशनाचं काम करते. त्यातल्याच एका गटानं कर्ज काढून छोटीशी बेकरी सुरू केली. दहा जणी, एक भट्टी, एक मळणी यंत्र आणि महिन्याच्या सात तारखेला भरायचा हप्ता. साध्या पावाचा त्यांचा जम चांगला बसला. सकाळी वडापाववाले दारात उभे राहायचे. मग डिसेंबरात एका मोठ्या कार्यक्रमासाठी गोड बनची ऑर्डर आली. ऑर्डर नेहमीच्या तिप्पट, पैसेही चांगले. आणि नेमकं त्याच वेळी पीठ फुगेना.

पहिला घाणा गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा गेला. बन कसले, दगडच. आणि मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. बोटं वळली ती गटात सगळ्यांत नव्यानं आलेल्या बाईकडे. तीन आठवड्यांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून, लेकराला घेऊन माहेरी आली होती. पीठ मळायचं काम तिच्याकडे होतं. “हिच्या हाताला यश नाही,” असं कुणीतरी हळूच म्हणालं. दुपारपर्यंत तेच सगळ्या मोठ्यानं म्हणायला लागल्या. संध्याकाळी तिला मळायच्या कामावरून काढून ट्रे धुवायला बसवलं. मीटिंगमध्ये विषय निघाला तो असा, की हिला गटातच ठेवायचं की नाही?

लोणच्याला हिचा हात नको, पापडाला तिचा नको, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. इथं मात्र एका बाईच्या रोजच्या मजुरीचा प्रश्न होता. मी म्हटलं, निर्णय आठ दिवसांनी घेऊ. आणि मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेल्या माझ्या भाचीला फोन लावला.

ती आली, तिनं दोन्ही प्रकारच्या पिठाचं माप विचारलं आणि पहिलंच वाक्य बोलली, “मावशी, यीस्टला कुणाचा हात ओळखू येत नाही गं. त्याला साखर कळते, मीठ कळतं, पाणी कळतं आणि ऊन-थंडी कळते. यातलं काय बदललंय ते सांग.”

बदललं होतं बरंच काही. साध्या पावाला किलोभर मैद्याला २५ ग्रॅम साखर पडायची, बनला २०० ग्रॅम पडत होती. रात्री चांगलीच थंडी पडायला लागली होती. आणि घाईत मीठ, साखर, यीस्ट सगळं एकदमच परातीत जात होतं.

“मग साखर तर यीस्टचं खाणं ना? जास्त घातली तर जास्त फुगायला हवं!” गटातल्या आजी म्हणाल्या. प्रश्न बिनचूक होता. माझ्याही मनात तोच होता.

त्याचं उत्तर समजून घ्यायला आधी यीस्ट म्हणजे काय ते बघू. ही बुरशीच्या कुळातली, एकाच पेशीची सजीव वस्ती. एक पेशी साधारण मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. चमचाभरात अशा अब्जावधी. सगळं मनासारखं असेल तर दीडेक तासात एकीच्या दोन होतात. साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. तो मैद्याच्या चिवट जाळीत अडकतो आणि पीठ वर येतं. हा उद्योग आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्यात रुजला. ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. गोव्याचे पोदेर पीठ फुगवायला माडाची सूर वापरायचे. त्या सुरेतही काम करत होतं ते यीस्टच.

आता या एवढ्याशा पेशीच्या पोटात एक वही आहे असं समजा. पाककृतींची वही. तिच्यात सुमारे सहा हजार पाककृती आहेत. त्या पाककृती म्हणजे जनुकं, जीन्स. युरोप, उत्तर अमेरिका आणि जपानमधल्या सुमारे सहाशे शास्त्रज्ञांनी मिळून १९९६ साली ही अख्खी वही वाचून काढली. वहीतल्या अक्षरांची संख्या सव्वा कोटीच्या आसपास. माणसाच्या वहीत साधारण वीस हजार पाककृती असतात म्हणतात, म्हणजे हे यीस्ट काही अगदीच अडाणी नव्हे!

पण वहीत सहा हजार पदार्थ आहेत म्हणून कुणी रोज सहा हजार पदार्थ करत नाही. घरात काय आहे, बाहेर हवा कशी आहे, पाहुणे किती आहेत, हे बघून आपण पान उघडतो. पेशीही तेच करते. लागेल ती पाककृती एका चिठ्ठीवर उतरवून घेते आणि ती चिठ्ठी पेशीतल्या स्वयंपाकघरात पाठवते. तिथं त्याप्रमाणे प्रथिन तयार होतं. कुठल्या पाककृतीच्या किती चिठ्ठ्या निघाल्या, यावर पेशीचं वागणं ठरतं. शास्त्रज्ञ याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. गंमत अशी, की वही तीच राहते. एक अक्षरसुद्धा बदलत नाही. बदलतात त्या चिठ्ठ्या.

या चिठ्ठ्या मोजायची युक्ती सापडली, तेव्हा मोठीच मौज झाली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जोसेफ डेरिसी, विश्वनाथ अय्यर आणि पॅट्रिक ब्राऊन या तिघांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. यीस्टची जवळजवळ सगळी जनुकं त्यांनी काचेच्या एका छोट्या पट्टीवर ठिपक्या-ठिपक्यांनी मांडली. एका भांड्यात साखरेच्या पाण्यात यीस्ट वाढत ठेवलं आणि दर दोन तासांनी थोडं काढून बघितलं, की आत्ता कुठल्या चिठ्ठ्या निघतायत. साखर भरपूर होती तोवर सगळं शांत. तेव्हा यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करत होतं. मग साखर संपली. आता खायचं काय? तर मघाशी आपणच बनवलेलं अल्कोहोल! पण ते पचवायचं तर सगळं स्वयंपाकघरच वेगळं मांडायला लागतं. त्या वेळी सातशेच्या वर जनुकांच्या चिठ्ठ्या दुपटीहून जास्त झाल्या आणि हजाराच्या वर जनुकांच्या निम्म्याहून कमी झाल्या. सहा हजारांतल्या सतराशेंचं कामकाज बदललं. कशासाठी? एक खाणं संपून दुसरं सुरू झालं, एवढ्यासाठी!

मला हे ऐकून आपल्या ‘थोडं अ‍ॅडजस्ट’मधला तो ‘थोडं’ आठवला.

आता आमच्या बनकडे वळू. साखर खाणं आहे हे खरं, पण जास्त झाली की ती पाणी ओढून घेते. कैरीच्या फोडींवर साखर घालून ठेवली की तासाभरात फोडी आक्रसतात आणि खाली रस सुटतो, ते आपण दर उन्हाळ्यात बघतो. गोड पिठात पडलेल्या यीस्टच्या पेशीचं नेमकं हेच होतं. तिच्या आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती आक्रसते. मीठही हेच करतं. म्हणजे आम्ही ज्याला मेजवानी समजत होतो, तो तिच्यासाठी दुष्काळ होता.

मग ती काय करते? पेशीच्या कडेला पहारेकरी असतात. ते ओळखतात, की पाणी चाललंय. निरोप आत जातो. ‘हॉग-१’ नावाचं एक प्रथिन एरवी पेशीत मोकळं फिरत असतं, ते काही मिनिटांतच पेशीच्या केंद्रकात, म्हणजे जिथं ती वही ठेवलेली असते त्या खोलीत, शिरतं आणि ठराविक पानं उघडायला लावतं. त्यातलं मुख्य पान असतं ग्लिसरॉल बनवायचं. म्हणजे तेच ग्लिसरीन बरं का, जे आपण थंडीत टाचांना आणि ओठांना लावतो! ते पाणी धरून ठेवतं म्हणूनच आपण लावतो. पेशीही त्यासाठीच ते बनवते. शिवाय ग्लिसरीन बाहेर झिरपायची जी वाट असते, ती बंद करून घेते. हळूहळू आत ग्लिसरीन साठतं, पाणी परत येतं, पेशी पुन्हा टम्म होते. ताण बेताचा असेल तर अर्ध्या-पाऊण तासात हॉग-१ आपलं काम आटपून खोलीबाहेर येतं. ताण जास्त असेल तर वेळही जास्त.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत वाढ बंद. हात दुरुस्तीत गुंतलेले असताना ती पीठ फुगवायला कुठून येणार? त्यात थंडीनं सगळ्याच हालचाली मंदावलेल्या. आमच्या बायका नेहमीच्या वेळेला ट्रे भट्टीत ढकलत होत्या. पीठ मेलेलं नव्हतं. ते सावरत होतं. आम्ही त्याला सावरायच्या आत भाजून काढत होतो.

हे नुसतं सांगून पटणारं नव्हतं. भाचीनं मग परीक्षाच घेतली. चार जणी निवडल्या. त्यात आमची ती नवी बाई आणि ‘हाताला यश नाही’ म्हणणाऱ्या आजीही. प्रत्येकीनं दोन छोटे गोळे मळायचे, एक कमी साखरेचा, एक बनच्या मापाचा. मैदा तोच, यीस्ट तेच, पाणी तेवढंच कोमट. आठ सारख्या काचेच्या बरण्यांत आठ गोळे. बरणीवर फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा आणि किती साखरेचा, ती यादी भाचीच्या पर्समध्ये. प्रत्येक बरणीला गोळ्याच्या उंचीवर रबरबँड लावलं आणि सगळ्या बरण्या एकाच फळीवर ठेवल्या.

तासाभरानं चार बरण्यांतलं पीठ रबरबँडच्या दुप्पट वर गेलं होतं. चार जेमतेम हलल्या होत्या. यादी उघडली. फुगलेल्या चारही कमी साखरेच्या. त्यातली एक नव्या बाईची. रेंगाळलेल्या चारही गोड. त्यातली एक आजींची! आणि खरी गंमत पुढे झाली. भाचीनं कुणालाच बरण्या उचलू दिल्या नाहीत. आणखी दीड-दोन तासांनी त्या चार गोड बरण्याही वर आल्या. चौघींच्याही. खोलीत कुणी काही बोललं नाही. आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “म्हणजे साखर भोवली म्हणा की.”

माझी भाची परत जायच्या आधी रात्री आम्ही दोघी बोलत बसलो. मी तिला विचारलं, साखर-मिठाचं कळलं, पण उष्णता वाढली, खाणं संपलं, विष आलं, तर दर वेळी वेगळी पानं उघडतात का? ती म्हणाली, काही वेगळी आणि बरीचशी सारखी. स्टॅनफर्डमध्येच ऑड्री गॅश आणि सहकाऱ्यांनी यीस्टला नाना तऱ्हेचे ताण देऊन चिठ्ठ्या मोजल्या आणि २००० साली ते काम प्रसिद्ध केलं. कुठलंही संकट येवो, सुमारे नऊशे जनुकं ठरलेल्या पद्धतीनंच वागतात. त्यातली सहाशेच्या आसपास खाली जातात. ही सगळी वाढीची, नवं बांधकाम काढायची. आणि सुमारे तीनशे वर येतात. ही बचावाची, दुरुस्तीची, बिघडलेली प्रथिनं सरळ करायची, ट्रेहॅलोज नावाची संरक्षक साखर साठवायची. ही बचावाची पानं उघडणारं एक मुख्य प्रथिन, ‘एमएसएन-२’, एरवी वहीच्या खोलीबाहेर नुसतं बसून असतं. संकटाची चाहूल लागली की आत जातं.

म्हणजे क्रम बघा. आधी खर्च थांबवायचा. मग डागडुजी. मग पुन्हा वाढ. घरात आजारपण आलं की आपण सोफ्याचं कापड बदलायचं पुढं ढकलतो आणि औषधाचे पैसे बाजूला काढतो, तसंच हे.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. हा सगळा गदारोळ तात्पुरता असतो. बाहेरची परिस्थिती जरी नवीच राहिली, समजा उष्णता वाढलेलीच राहिली, तरी पेशी तिच्याशी जुळवून घेते आणि त्या नऊशेंतली बहुतेक जनुकं हळूहळू आपल्या जुन्या पातळीजवळ येतात. म्हणजे आणीबाणी संपते. वाढ पुन्हा सुरू होते. ताण फार मोठा असेल तर मात्र ती लांबते. आणि पेशीच्या आवाक्याबाहेरचा असेल, तर ती मरते. यीस्टचं जुळवून घेणं असं आहे. जन्मभर श्वास रोखून बसणं, याला जुळवून घेणं म्हणत नाहीत.

“मग त्रासानं ते घट्ट होतं का?” मी विचारलं. कारण हा युक्तिवाद मी समुपदेशनाच्या खोलीत शंभरदा ऐकलाय. ‘आम्ही नाही का सोसलं? सोसल्यानं माणूस तयार होतं.’ भाचीनं त्याचंही उत्तर दिलं. यीस्टला आधी ३७ अंशांचा सौम्य चटका दिला, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग ५० अंशांत टाकलं, तर पुष्कळ पेशी तगतात. सरळ ५० अंशांत टाकलं तर बहुतेक मरतात. त्या मधल्या वेळात पेशीनं तयारी करून ठेवलेली असते. सुसान लिंडक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं, की या तयारीत ‘एचएसपी-१०४’ नावाच्या एका प्रथिनाचा मोठा वाटा असतो. उष्णतेनं गुंता झालेली प्रथिनं सोडवायचं काम ते करतं. ते बनवायचं जनुकच काढून टाकलं, तर आधीच्या सौम्य चटक्याचा फारसा उपयोग होत नाही. २००८ साली गॅश यांच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ती नऊशे जनुकांची धावपळ आत्ताच्या संकटासाठी असते त्याहून जास्त पुढच्या संकटासाठी असते.

तेव्हा ‘सोसल्यानं तयार होतं’ म्हणणाऱ्यांनी हे पूर्ण ऐकावं. चटका सौम्य हवा. मध्ये वेळ हवा. आणि त्या वेळात बांधाबांध करायला आत काहीतरी शिल्लक हवं. एकदम उकळत्यात टाकलेलं तयार होत नाही.

हे सगळं इतकं खोलात जाऊन का अभ्यासायचं, असंही मला वाटलं होतं. पाव तर आपण शेकडो वर्षं भाजतोच आहोत. पण आपल्या शरीरातल्या पेशीही पुष्कळशी यीस्टसारखीच कामं करतात, आणि यीस्टवर प्रयोग करणं सोपं, स्वस्त, कुणाला न दुखवता होणारं. पेशी फुटून दोन कधी व्हायच्या हे कसं ठरतं, ते यीस्टमध्ये शोधल्याबद्दल लेलँड हार्टवेल यांना २००१ साली नोबेलचा वाटा मिळाला. कॅन्सर समजून घ्यायला त्या कामाचा उपयोग झाला. उपाशी पेशी आपल्याच आतलं जुनं सामान मोडून त्यातून गरजेचं कसं मिळवते, हे यीस्टमध्ये उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ सालचं नोबेल मिळालं. जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

आता ज्या मैत्रिणी घरी पाव-बन करतात किंवा गटात बेकरी चालवायचा विचार करतात, त्यांच्यासाठी आमच्या गटानं यातून काय बदललं ते सांगते. गोड पिठाला आता आम्ही सगळी साखर आधी घालत नाही. थोडा मैदा, कोमट पाणी, यीस्ट आणि चिमूटभर साखर यांचं सैलसर पीठ आधी लावून ठेवतो. बेकरीवाले त्याला स्पंज म्हणतात. त्यात यीस्ट नीट जागं होऊन कामाला लागलं, की मग उरलेला मैदा, साखर, मीठ, तूप. मीठ कोरड्या यीस्टवर थेट पडू देत नाही. पाणी बोटाला सुखावेल इतकंच कोमट घेतो. पाण्याचा चटका बसला की समजायचं, यीस्टलाही बसणार. साधारण ५५-६० अंशांपुढे ते मरतंच. थंडीत परात भट्टीच्या उबेला ठेवतो. किलोला ५० ग्रॅमपर्यंतची साखर यीस्टला फारशी जाचत नाही, त्याच्या पुढे गेलं की वेळ वाढवायचा, हे माप भिंतीवर लिहून ठेवलंय. खूप गोड पिठासाठी मुद्दाम निवडलेलं वेगळं यीस्टही बाजारात मिळतं. दुधाचं एक लक्षात ठेवा. दुधातली साखर बेकरीच्या यीस्टला पचवता येत नाही, ती पाककृती त्याच्या वहीतच नाही. त्यामुळे दुधानं पाव फुगत नाही, पण ती साखर तशीच राहून वरचा रंग मात्र छान बदामी येतो.

आणि हो, कोरडं यीस्ट हा तर तग धरण्याचा कळसच. कारखान्यात ते मळीवर, भरपूर हवा देत वाढवतात. आपल्या साखर कारखान्यांतून निघते तीच मळी. शेवटी शेवटी त्याचं खाणं हळूहळू कमी करतात. हलाखीचे दिवस येतायत हे ओळखून पेशी ट्रेहॅलोज साठवून घेतात, आणि त्या शिदोरीवर वाळवणीतून जिवंत बाहेर पडतात. पाकिटात महिनोन् महिने गप्प पडून राहतात आणि कोमट पाणी मिळालं की पुन्हा फसफसतात. पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे झालं.

ऑर्डर आमची पूर्ण झाली. दोन दिवस उशिरानं झाली, थोडे पैसे कापले गेले, पण झाली. नव्या बाईला मळायचं काम परत मिळालं. मीटिंगमध्ये ठराव झाला, की घाणा बिघडला तर आधी माप, वेळ आणि हवा तपासायची, माणूस नाही. ठरावाच्या वहीत तो तसाच लिहिलाय. सह्या दहाही जणींच्या आहेत.

त्या मीटिंगमध्ये ती पहिल्यांदाच बोलली. तक्रार म्हणून नाही, अगदी साधं. म्हणाली, “ताई, पिठाला जास्तीचे दोन तास लागले तर तुम्ही पाव्हण्या बोलावून कारण शोधलंत. मला इथं येऊन तीनच आठवडे झाले होते.”

यीस्ट म्हणजे बाई नव्हे, हे मला कळतं. यीस्टला मन नाही, अपमान नाही, लेकरू नाही. पण ज्या जिवाला यातलं काहीच नाही, त्यालाही नव्या जागी आधी वाढ थांबवावी लागते, तुटलेलं सांधावं लागतं, पाणी धरून ठेवावं लागतं, आणि मगच ते वर येतं. मग नव्या घरात आलेली सून, घर सोडून आलेली लेक, गाव सोडून शहरात कामाला लागलेला मुलगा, म्हातारपणी मुलाकडे राहायला आलेले सासरे, यांच्याकडून आपण पहिल्याच आठवड्यात फुललेल्या चेहऱ्याची अपेक्षा का करतो?

यापुढे कुणाला ‘अ‍ॅडजस्ट कर’ म्हणायची वेळ आलीच, तर मी दोन प्रश्न आधी स्वतःला विचारणार आहे. याला वेळ किती देतोय आपण? आणि त्या वेळात ऊब कोण देणार आहे?